डब्यातून हवा सुटते आहे की वायरिंगच चुकलंय? (१२ इंची सबवूफर, बंद डबा)

मानेवाडेकर | १० मे, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. दहा दिवसांपासून हीच गोष्ट डोक्यात घोळून राहिली आहे, म्हणून शेवटी धागा काढला.

गाडी २०१६ ची हॅचबॅक. डिकीत १२ इंची सबवूफर (फक्त खोल बेस वाजवणारा मोठा स्पीकर, पुढे नुसता 'सब') बसवला. दोन कॉइलचा (स्पीकर हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळ्या) आहे, प्रत्येक कॉइल २ ओहम. अँप (स्पीकरला ताकद देणारं यंत्र) मोनो आहे. त्याच्या पाठीवर लिहिलंय, ४ ओहमला ३०० वॅट, २ ओहमला ५०० वॅट. डबा मी स्वतः केला, चुलतभावाच्या गॅरेजमध्ये दोन रविवार घालवून. १८ मिमीचा एमडीएफ, बाहेरून ४० × ४० × ३० सेंमी, म्हणजे ४८ लिटर. पोर्ट (हवा आत-बाहेर जायची नळी) नाही, पूर्ण बंद. सबच्या कागदावर बंद डब्यासाठी २८ ते ३५ लिटर लिहिलंय, त्यामुळे डबा मोठा झाला की काय, हीपण धाकधूक आहे. वायरिंग मात्र एका दुकानातून करून घेतलं, कारण बॅटरीपासून डिकीपर्यंत वायर ओढायची हिंमत झाली नाही.

तक्रारी दोन आहेत. जोराचा बेस आला की डब्यातून फुस्स-फुस्स आवाज येतो आणि बेस पोकळ लागतो, रिकामा पिंप बडवल्यासारखा. दुसरी अशी की दुपारी पंधरा-वीस मिनिटं वाजवलं की अँपचा लाल दिवा लागतो आणि सगळं गप्प. सकाळी तेच गाणं तासभर चालतं.

दुकानवाला म्हणतो मे महिना आहे, होणारच. भाऊ म्हणतो सगळ्या सांध्यांना बाहेरून सिलिकॉन फास. माझा प्रश्न असा की सिलिकॉन कोणतं घ्यायचं, आणि लाल दिव्याचा त्या हवेशी काही संबंध आहे का?

तर्रीपोहे | १० मे, रात्री ९:५५

फोटो टाका भाऊ. फोटोशिवाय डबा म्हणजे तर्रीशिवाय पोहे.

लकडगंजचा_सुतार | १० मे, रात्री १०:२०

बाहेरून सिलिकॉन अजिबात फासू नका. एकदा लाकडाला सिलिकॉन लागलं की त्यावर ना फेविकॉल बसते ना रंग ना कार्पेट. उद्या सांधा उघडून नीट करायचा म्हटलं तर तेवढा भाग रंधून काढावा लागते. मी अशे दोन डबे फेकले आहेत.

पहिले लिटरचा हिशोब. तुम्ही बाहेरचं माप धरलं. हवा आत राहते, लाकडात नाही. दोन्ही बाजूंचे १८ मिमी वजा केले तर आत ३६.४ × ३६.४ × २६.४ सेंमी उरते. गुणाकार करा, ३५ लिटर येते. त्यातून सबचं चुंबक आणि सांगाडा दोन-अडीच लिटर जागा खाते. राहिले साडेबत्तीसच्या आसपास. तुमच्या कागदात एकदम बरोबर बसते. डब्याचं माप चुकलं नाही, थे टेन्शन सोडा.

आता हवा. आतून सांधे कशे भरले थे सांगा. नुसते स्क्रू आणि फेविकॉल, की कोपऱ्यात आतून लेप दिला? मी फेविकॉलमध्ये चाळलेला बुरादा कालवतो, श्रीखंडाएवढा घट्ट, आणि आतल्या प्रत्येक कोपऱ्यात बोटाने गोलाई देऊन भरतो. एमडीएफच्या कापलेल्या कडा स्पंजासारख्या असतात, त्यांच्यातूनपण हवा झिरपते. त्या कडांना पाणी घातलेल्या फेविकॉलचे दोन हात द्यायचे. पावसाळ्यात कडा फुगत नाहीत हा वरचा फायदा.

आणि वायर डब्याच्या बाहेर कशी काढली? प्लॅस्टिकची वाटी लावली असेल तर माझा शंभर टक्के संशय तिच्यावर.

मानेवाडेकर | १० मे, रात्री १०:३८

होय, मागे प्लॅस्टिकची स्प्रिंगवाली टर्मिनल वाटी आहे, चार स्क्रूवर. आत फेविकॉल लावलं, पण लेप वगैरे नाही दिला. आणि ३५ लिटरचं ऐकून खूपच बरं वाटलं, मी डबा कापून लहान करायच्या विचारात होतो.

बुटीबोरी_शिफ्ट | १० मे, रात्री ११:१५

दोन तक्रारी म्हणजे दोन वेगळे आजार आहेत, असं माझं मत. हवा सुटल्याने अँप बंद पडत नाही. सब कितीही पोकळ वाजला तरी अँपला त्याचं काही नसतं. अँपला कळतात तीन गोष्टी: समोर किती ओहम आहे, मागून किती व्होल्ट येत आहेत आणि आपण किती तापलो आहोत.

उद्या हे करा. सब डब्यातच राहू द्या, फक्त अँपकडून स्पीकरची वायर काढा आणि मल्टिमीटर ओहमवर ठेवून त्या दोन टोकांवर मोजा. मीटर कॉइलचा नुसता डीसी रोध दाखवतो, तो छापील आकड्यापेक्षा थोडा कमीच येतो. २ ओहमची कॉइल साधारण १.८ दाखवेल. म्हणजे दोन्ही कॉइल सिरीजमध्ये (एकीमागे एक) असतील तर साडेतीनच्या आसपास, पॅरललमध्ये (समांतर) असतील तर ०.९ च्या आसपास.

०.९ आलं तर लाल दिव्याचं उत्तर तिथेच आहे. अँप २ ओहमपर्यंतचा आणि त्याला १ ओहम जोडला, तर तो जवळपास दुप्पट करंट द्यायला बघतो. सकाळी २८-३० अंशांत ती उष्णता कशीबशी निघून जाते. दुपारी उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत निघायला जागाच राहत नाही. ऊन शेवटचा धक्का देतं, एवढंच.

आणि एक महत्त्वाचं. बॅटरीजवळ फ्यूज आहे का? कुठे आहे, किती अँपिअरचा आहे? हे पहिले पाहा, बाकी सगळं नंतर.

पुण्यातला_वैदर्भीय | ११ मे, सकाळी ७:५०

वाचनखूण साठवली. बंद डबा आणि पोर्टवाला यात गाडीसाठी चांगला कोणता, हे कुणी नीट सांगेल का? इथे पुण्यात सगळे पोर्टच सुचवतात.

मेडिकल_चौक | ११ मे, सकाळी ९:१०

राग मानू नका, पण एक विनंती करायची आहे. मी रुग्णालयाच्या अगदी जवळ राहतो. रात्री साडेअकराला अशी एखादी गाडी सिग्नलला थांबली की खिडकीची तावदानं थरथरतात. आई हृदयरोगी आहे, ती दचकून उठते. तुम्ही डबा जरूर नीट करा, छंद आहे तो. पण २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्र म्हणजे १० ते ६. हे आकडे या छंदातल्या लोकांना माहीत असावेत असं मनापासून वाटतं.

मानेवाडेकर | ११ मे, सकाळी ९:४०

राग अजिबात नाही, काका. माझी आजी ८१ वर्षांची आहे, तिची खोली पोर्चला लागूनच आहे. घराच्या दोनशे मीटर आधीच मी सब बंद करतो. मला लोकांना ऐकवायचं नाहीये. रविवारी एकटा रामटेकपर्यंत जातो तेव्हा तबल्याचा बायां नीट ऐकू यावा, एवढीच इच्छा आहे.

जुना_रेडिओ | ११ मे, दुपारी १२:३०

बायां म्हणालात आणि लिहायची इच्छा झाली. बायांची मींड, तो तळहात घासत वर चढणारा नाद, बंद डब्यात जसा उमटतो तसा पोर्टच्या डब्यात क्वचितच. पुण्याच्या मित्राचं उत्तरही यातच येईल.

बंद डब्यात कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते. कोन (स्पीकरचा पुढचा हलणारा पडदा) बाहेर गेला की ती ओढते, आत आला की ढकलते. साध्या रबराच्या किंवा कापडाच्या स्प्रिंगपेक्षा ही हवेची स्प्रिंग जास्त सरळ वागते. १९५४ साली अमेरिकेत एडगर विल्चर यांनी हेच तत्त्व वापरून एआर-१ नावाचा छोटा स्पीकर बाजारात आणला. कपाटाएवढ्या पेट्यांशिवाय खोल बेस निघत नाही, अशी तोवर समजूत होती. पुढे ऑस्ट्रेलियात थील यांनी १९६१ मध्ये पोर्टच्या डब्याचं गणित मांडलं आणि स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात बंद डब्याचंही. आज आपण सबच्या कागदावर लिटर वाचतो ते त्यांच्याच आकडेमोडीमुळे.

आता गाडी. बंद डब्याचा आवाज एका मर्यादेखाली दर सप्तकाला १२ डेसिबलने उतरत जातो. पण गाडीची केबिन लहान आणि बंद असते. आतली लांबी अडीच मीटर धरली तर साधारण ७० हर्ट्‌झच्या खाली केबिन स्वतःच आवाज उचलायला लागते, आणि तोही जवळपास त्याच उताराने. एक उतरतं, दुसरं चढतं. त्यामुळे घरात किरकोळ वाटणारा बंद डबा गाडीत भरून वाजतो. पोर्टवाला जास्त मोठा वाजतो हे खरं, पण तो डबाही मोठा लागतो आणि ज्या सुरावर पोर्ट जुळवला त्याच्या खाली कोनला आवरणारी हवा उरत नाही.

म्हणून गळती महत्त्वाची. हवा सुटली की स्प्रिंग ढिली. मानेवाडेकरांचा बेस पोकळ लागतो तो त्यामुळेच.

तर्रीपोहे | ११ मे, दुपारी १:०५

काका, हे वाचून मी डबा न बनवताच हुशार झालो. +१

धरमपेठची_ड्रायव्हर | ११ मे, दुपारी ३:२५

माझा अनुभव सांगते, कारण फ्यूजचा विषय निघाला आहे.

चार वर्षांपूर्वी मी एका ठिकाणी सब बसवून घेतला. डबा तयार होता. त्यांनी वायर काढलेल्या भोकात गरम गोंदाची बंदूक चालवून बंद केलं. फेब्रुवारीत छान वाजलं. मे महिन्यात एक दिवस गाडी चार तास उन्हात उभी होती. संध्याकाळी पाहिलं तर तो गोंद ओघळून खाली आला होता आणि वायर भोकात लोंबत होती. गरम करून लावलेला गोंद गरमीत पुन्हा मऊ होणारच. नागपूरच्या गाडीत तो कोणीही वापरू नये.

पण खरी गोष्ट पुढे आहे. दुसऱ्या मेकॅनिकने बॉनेट उघडलं तेव्हा कळलं की बॅटरीजवळ फ्यूजच नव्हता. पत्र्याच्या भोकातून वायर केबिनमध्ये घेतली होती, तिथे रबराची ग्रोमेटही नव्हती. कडेला घासून वायरचं प्लॅस्टिक अर्धं कापलं गेलं होतं. आणखी थोडे दिवस गेले असते तर उघडी तार बॉडीला लागली असती. मागच्या सीटवर माझी मुलगी बसायची. त्या दिवसापासून कुणी गाडीत अँप लावतंय म्हटलं की मी पहिला प्रश्न फ्यूजचा विचारते.

बुटीबोरी_शिफ्ट | ११ मे, दुपारी ४:००

ताईंचा प्रतिसाद सगळ्यांनी दोनदा वाचा. अँपच्या अंगावर जे फ्यूज असतात ते अँपसाठी. बॅटरीजवळचा फ्यूज वायरसाठी. तो बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा, कारण बॅटरी ते फ्यूज एवढा तुकडा कुणाच्याच संरक्षणात नसतो.

गाडीवाला_सदर | ११ मे, रात्री ८:१५

मी हेच काम करतो, म्हणून थोडं आमच्या बाजूनेपण ऐका. गिऱ्हाईक सब आणतो दहा हजाराचा आणि वायरिंगला म्हणतो, "हजारात करून दे भाऊ." तांब्याची २५ चौरस मिमी वायर पाच मीटर घेतली तर फक्त वायरच त्याच्या वर जाते. मग दुकानदार तयार किट लावतो. त्याच्यावर चार गेज (गेज म्हणजे तारेच्या जाडीचं माप) लिहिलेलं असते, पण प्लॅस्टिक जाड आणि तार बारीक, आणि तार बी अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. माझ्या दुकानात मी आधीच दोन तुकडे कापून समोर ठेवतो आणि विचारतो, कोणती लावू.

ओळखायचं सोपं आहे. एक तार ब्लेडने खरवडा. आत चांदीसारखी पांढरी निघाली तर मुलामा, लाल निघाली तर तांबं.

पण मुलाम्याची वायर म्हणजे विष, असंही नाही. एक साइज मोठी घेतली, टोकं नीट लग (वायरीच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) घालून दाबली, तर काम चालते. घोळ तेव्हा होतो जेव्हा बारीक बी असते आणि मुलाम्याची बी असते.

बुटीबोरी_शिफ्ट | ११ मे, रात्री ८:५०

सदरवाल्या भाऊंशी सहमत, फक्त आकडे जोडतो. ५०० वॅटचा अँप ८० टक्के कार्यक्षम धरला तर १३.५ व्होल्टला साधारण ४६ अँपिअर ओढतो. २५ चौरस मिमी तांब्याच्या पाच मीटर वायरीत तेवढ्या करंटला ०.१६ व्होल्ट पडतात. साडेआठ चौरस मिमीच्या, म्हणजे आठ गेजच्या तांब्यात अर्धा व्होल्ट. तीच मुलाम्याची असली तर पाऊण व्होल्ट. हे फक्त लाल वायरीचं झालं, अर्थिंगचं वेगळं.

मानेवाडेकर, अर्थ कुठे दिला आहे तेही पाहा. सीटबेल्टच्या बोल्टला दिला असेल तर लगेच काढा. तो बोल्ट तुमचा जीव धरून ठेवायला आहे, त्याच्याखाली लग घालून त्याची पकड बिघडवायची नाही.

गाडीवाला_सदर | ११ मे, रात्री ९:०५

सीटबेल्टच्या बोल्टवर आम्ही वर्षानुवर्षं अर्थ देतो, काही झालं नाही. पण तुमचा मुद्दा समजला. दुसरी जागा शोधायला पाच मिनिटं जास्त लागतात, तेवढंच.

लकडगंजचा_सुतार | ११ मे, रात्री ९:३०

अवांतर: मेडिकल चौकवाल्या काकांनी लिहिलं ते मनाला लागलं. माझ्याकडे डबा बनवायला येणाऱ्या पोरांना आता मीपण सांगत जाईन. कमी सुराचा आवाज भिंतीला ऐकत नाही, तो कुठेही शिरते.

मूळ मुद्द्यावर येतो. सब उघडायच्या आधी दोन परीक्षा करा. एक, दोन्ही हातांचे तळवे कोनवर सारखे ठेवून हळूच अर्धा सेंमी आत दाबा आणि सोडा. घट्ट डबा असला तर दाबताना गादीसारखा विरोध लागते आणि सोडल्यावर कोन सावकाश जागेवर येते. झटकन आला तर गळती आहे. मधल्या टोपीवर दाबू नका, थे चेपते.

दोन, फोनवरून ३० हर्ट्‌झचा सूर अगदी हळू वाजवा आणि सांध्यांजवळून पेटती अगरबत्ती फिरवा. जिथे धूर थरथरते किंवा आत ओढला जाते तिथे खडूने खूण करा. फक्त अगरबत्ती कोनजवळ नेऊ नका, फोमच्या कडेवर ठिणगी पडली की संपलं.

मानेवाडेकर | १४ मे, रात्री १०:१०

तीन दिवस लागले, पण सगळं मोजून आलो. ऐका.

अगरबत्ती: वाटीजवळ धूर अक्षरशः फुंकल्यासारखा उडत होता. मागच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात थोडा थरथरला. बाकी सांधे शांत. मी डबा पोर्चमध्ये ठेवून अगरबत्ती ओवाळत होतो तर आजी बाहेर आली, हात जोडले आणि म्हणाली, "नवी मशीन आणली का रे? कुंकू लाव." मग खरंच कुंकू लावलं. आता ते पुसायची इच्छा होत नाही.

ओहम: ०.९. म्हणजे दुकानवाल्याने दोन्ही कॉइल पॅरलल केल्या आहेत.

व्होल्ट: गाडी चालू ठेवून, बेस वाजत असताना बॅटरीवर १३.६, अँपवर १२.१. दीड व्होल्ट रस्त्यात गायब. तार खरवडली, आत पांढरी. अर्थ डिकीच्या पत्र्यावरच्या एका स्क्रूला दिला आहे, खालचा रंग तसाच. फ्यूज आहे, ६० अँपिअरचा, पण बॅटरीपासून मोजला तर सव्वा मीटर लांब, डॅशबोर्डच्या आत. ते पाहून पोटात गोळा आला. त्याच क्षणी बॅटरीवरून वायर काढून ठेवली.

आता प्रश्न. कॉइल सिरीज केल्या तर ४ ओहम होतात, मग अँप ५०० ऐवजी ३०० च वॅट देणार. मला २ ओहम कसे मिळतील? एक कॉइल नुसती सोडून दिली तर?

बुटीबोरी_शिफ्ट | १४ मे, रात्री १०:४५

२+२ च्या सबमधून २ ओहम निघत नाहीत. १ किंवा ४, एवढंच. ४+४ चा असता तर पॅरललमध्ये २ झाले असते. खरेदी करताना अँप आणि कॉइल यांची जोडी जमवायची असते, ती इथे जमली नाही.

एक कॉइल मोकळी सोडू नका. अर्धी मोटर चालेल, सबचे सगळे आकडे बदलतील, म्हणजे डब्याचा हिशोबही चुकेल आणि सगळी उष्णता एकाच कॉइलवर पडेल.

४ ओहम करा आणि निश्चिंत राहा. ५०० आणि ३०० वॅटमध्ये फरक पडतो फक्त २.२ डेसिबलचा. कानाला दुप्पट मोठं वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. उलट अँप थंड राहील आणि करंट कमी झाल्याने वायरीतली घटही कमी होईल.

जोडणी अशी: अँपचा प्लस पहिल्या कॉइलच्या प्लसला. पहिलीचा मायनस दुसरीच्या प्लसला. दुसरीचा मायनस अँपच्या मायनसला. मधली जोडणी चुकून उलटी झाली तर दोन कॉइल एकमेकींना मारतील, सब जवळपास वाजणारच नाही. खात्री करायची तर डब्यातून येणाऱ्या दोन टोकांना घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. प्लसला प्लस असेल तर कोन बाहेर सरकतो. दोन्ही कॉइल एकाच दिशेने काम करत असतील तर ती हालचाल डोळ्यांना दिसते.

पुण्यातला_वैदर्भीय | १५ मे, सकाळी ८:२०

जुना_रेडिओ काका, त्या प्रतिसादासाठी मनापासून धन्यवाद. उशीत भरतात तो रेक्रॉनचा कापूस डब्यात भरला तर डबा मोठा झाल्यासारखा वागतो म्हणतात, खरं का?

जुना_रेडिओ | १५ मे, सकाळी ११:००

खरं आहे, मर्यादेत. हवा दाबली की तापते. तंतू ती उष्णता शोषून घेतात, म्हणून स्प्रिंग थोडी मऊ होते. व्यवहारात दहा-वीस टक्के मोठ्या डब्याचा गुण मिळतो. तंतू मोकळे पिंजून भरायचे, ठासायचे नाहीत, आणि चुंबकाच्या मागची हवेची वाट मोकळी ठेवायची. मानेवाडेकरांचं माप आधीच बरोबर आहे, त्यांना त्याची गरज नाही.

लकडगंजचा_सुतार | १५ मे, दुपारी १२:१०

आता वाटीचं काय करायचं थे सांगतो. वाटी काढून टाका. तिच्या मापाचा १८ मिमीचा तुकडा कापून भोक आतून-बाहेरून बुजवा, बुरादा-फेविकॉलने. मग त्यात दोन पितळी बोल्ट, ६ मिमीचे, आरपार. आत आणि बाहेर वॉशर-नट, मध्ये थोडा एपॉक्सी. आतल्या नटाला वायर लग लावून, बाहेरच्या नटालाही लग लावून. वाटीचं प्लॅस्टिक पातळ असते, ते दाबाने आत-बाहेर होते. पितळी बोल्ट कुठे जात नाही.

बोल्ट नसेल करायचा तर वायरीच्या जाडीएवढंच छिद्र पाडा, वायर ओढा आणि दोन्ही बाजूंनी एम-सील भरा. तेही चालते, पण सब काढताना वायर अडकते.

खालच्या डाव्या कोपऱ्यात आतून लेप द्या. नाही, चारही कोपऱ्यांत द्या. आता उघडलंच आहे तर अर्धवट कशाला ठेवता.

तर्रीपोहे | १५ मे, दुपारी १२:३०

आणि कुंकू पुसू नका.

मेडिकल_चौक | १५ मे, रात्री ९:००

आजीची गोष्ट आईला वाचून दाखवली. खूप हसली. म्हणाली, त्या पोराला सांग, आवाज असा ठेव की आजीची झोप मोडणार नाही, मग माझीपण मोडणार नाही.

गाडीवाला_सदर | १५ मे, रात्री ९:४०

मानेवाडेकर, वायर नवीन ओढाल तेव्हा आरसीए केबल (स्टिरिओकडून अँपला सिग्नल नेणारी) दुसऱ्या बाजूने न्या. पॉवर डावीकडून तर आरसीए उजवीकडून. एकाच नाळीत दोन्ही घातल्या की एक्सिलरेटरसोबत चढणारी शिट्टी ऐकू येऊ शकते, मग ती शोधण्यात अख्खा दिवस जाते. अर्थची जागा ग्राइंडरने चकचकीत पत्र्यापर्यंत घासा, लग कसा, मग वरून रंगाचा हात द्या, नाही तर पावसाळ्यात गंजते. अर्थची वायर लाल वायरीएवढीच जाड आणि दीड फुटाच्या आत.

मानेवाडेकर | २४ मे, रात्री ११:२०

उशीर झाला, पण काम पूर्ण करूनच लिहायचं ठरवलं होतं.

डबा: वाटी गेली, पितळी बोल्ट आले. चारही आतल्या कोपऱ्यांत बुरादा-फेविकॉल, कडांना पातळ फेविकॉल, दोन दिवस पंख्याखाली वाळवलं. सबखाली दरवाज्याला लावतात तशी बंद पेशींची फोम पट्टी लावली. स्क्रू गाडीच्या चाकाच्या नटांसारखे समोरासमोर कसले, एकदम एक बाजू नाही. आता कोन दाबला की खरोखर गादीत हात रुतल्यासारखा लागतो. अगरबत्तीचा धूर सरळ वर जातो.

वायर: २५ चौरस मिमी तांबं. फ्यूजहोल्डर बॅटरीपासून २० सेंमीवर, पत्र्याच्या भोकात ग्रोमेट. अर्थ घासलेल्या पत्र्यावर. कॉइल सिरीज, मीटरवर ३.६.

गेन (अँप आवाज किती वाढवतो ते ठरवणारं बटण): बुटीबोरीच्या दादांनी खासगी निरोपात सांगितलं तसं केलं. सब काढून ठेवला, बेस बूस्ट शून्य, ५० हर्ट्‌झचा सूर, मीटर एसी व्होल्टवर. ३०० गुणिले ४ चं वर्गमूळ ३४.६ येतं, तर ३४ वर गेन थांबवला. लो-पास (वरचे सूर अडवणारी चाळणी) ८० हर्ट्‌झ.

आज दुपारी ४४ अंश होतं. अडीच वाजता मुद्दाम निघालो, कामठी रोडने मनसरपर्यंत आणि परत. लाल दिवा एकदाही लागला नाही. बेस वाजत असताना अँपवर १३.४ व्होल्ट.

आणि आवाज. मनसरच्या अलीकडे रस्ता मोकळा होता, काचा वर होत्या, आवाज मध्यम. बायांवर तळहात सरकला तो मला मागच्या डिकीतून नाही, समोर डॅशबोर्डवर बसून कुणी वाजवतंय असा आला. पहिल्यांदा कळलं की हा ठेका मी आजवर अर्धाच ऐकत होतो. गाडी बाजूला घेऊन तेच गाणं पुन्हा लावलं.

जुना_रेडिओ | २५ मे, सकाळी ६:४०

हे वाचून सकाळ छान झाली.

धरमपेठची_ड्रायव्हर | २५ मे, सकाळी ९:१५

२० सेंमीवर फ्यूज. हे वाचून मला जास्त आनंद झाला. :)

पुण्यातला_वैदर्भीय | २५ मे, सकाळी १०:३०

अभिनंदन! पण धाग्याचा मूळ प्रश्न राहूनच गेला ना? सिलिकॉन कोणतं घ्यायचं?

लकडगंजचा_सुतार | २५ मे, सकाळी ११:०५

खरंच राहिलं. लागलंच तर न्यूट्रल लिहिलेलं घ्या. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येते थे नको. वाळताना त्यातून अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड निघते, थे तांब्याच्या तारेला आणि लगला खाते. बंद डब्यात ती वाफ कोंडून बसते. न्यूट्रल असलं तरी सब बसवायच्या आधी डबा पूर्ण दिवस उघडा ठेवा. आणि सबची कड सिलिकॉनने कधीच चिकटवू नका, फोम पट्टीच ठीक. उद्या काढायचा म्हटलं तर सबसोबत एमडीएफची साल निघून येते.

मानेवाडेकर, अँप कुठे लावला? डब्याच्या पाठीवर असेल तर काढा. तिथे हादऱ्याने स्क्रू ढिले होतात आणि स्क्रूची भोकं म्हणजे पुन्हा गळती.

मानेवाडेकर | २५ मे, दुपारी १:२०

डब्याच्या पाठीवरच आहे, चार स्क्रूवर. स्क्रू आरपार गेले नाहीत, पण तुम्ही म्हणता ते पटलं. शनिवारी १२ मिमी प्लायचा तुकडा मागच्या सीटच्या पाठीला लावून अँप त्यावर घेतो, मागे बोटभर हवा खेळती ठेवून. प्लाय तुमच्याकडूनच घ्यायचा आहे, दुकान किती वाजता उघडता?

लकडगंजचा_सुतार | २५ मे, दुपारी १:३५

साडेनऊला. डबापण सोबत आणा, कुंकवासकट पाहायचा आहे.